दप्तरांतील औषध

पुष्कळ शाळांच्या प्रवेशपत्रिकेंत हल्लीं एक लहानसा रकाना असतो. मुलास कांहीं जुना आजार आहे काय, आणि त्यासाठीं एखादें औषध नियमितपणें चालू आहे काय, असा प्रश्न त्यांत विचारलेला असतो. हा रकाना भरतांना चांगल्या सुशिक्षित घरांतील आईबापांचाही हात अडखळतो. मुलाचें नांव, जन्मतारीख, पत्ता हें सर्व ठळक अक्षरांत लिहून झाल्यावर पुष्कळजण तेथें 'नाहीं' एवढाच शब्द लिहून मोकळे होतात. ज्या मुलास रोज सकाळीं फेफऱ्याची गोळी दिल्याशिवाय घराबाहेर पाठवीत नाहींत, त्याच्या बाबतींतही असें घडतें. हे आईबाप एरव्हीं असत्य बोलणारे नसतात. त्यांना भय वाटत असतें, इतकेंच. हें भय कोठून आलें, तें कितपत साधार आहे, आणि तें जाण्यास काय घडावें लागतें, हें समजून घेण्यास नीतीच्या उपदेशापेक्षां इतिहासाचा उपयोग अधिक होईल असें आम्हांस वाटतें.

प्रथम ही गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे कीं, हा प्रश्न फारसा जुना नाहीं. शंभर सवाशें वर्षांपूर्वीं मुलांचे दोनच वर्ग होते: निरोगी मुलें शाळेंत जात, आणि आजारी मुलें घरीं अंथरुणावर असत. औषध ही अंथरुणाशेजारची वस्तु होती. दप्तराशीं तिचा संबंध नव्हता. हा व्यवहार ज्या शोधांनीं मोडला, त्यांत इन्शुलिनचा शोध सर्वांत ठळक होय. १९२२ पूर्वीं ज्या मुलास मधुमेह जडे, त्याच्यापुढें मृत्यूच उभा असे. अमेरिकेंतील डॉ. फ्रेडरिक ॲलन यांनीं रोग्यास जवळजवळ उपाशी ठेवण्याची पद्धति रूढ केली होती. तिच्या योगानें आयुष्याचे कांहीं महिने, क्वचित् वर्षें वाढत. पण तें आयुष्य हाडांच्या सांपळ्याचें असे. ११ जानेवारी १९२२ रोजीं कॅनडांतील टोरँटो शहरच्या रुग्णालयांत लेनर्ड टॉम्प्सन नांवाच्या चौदा वर्षांच्या मुलास इन्शुलिनची पहिली सुई टोंचण्यांत आली. तें द्रव्य पुरेसें शुद्ध नव्हतें. म्हणून तें अधिक शुद्ध करून २३ जानेवारीपासून पुन्हां देण्यास आरंभ झाला, आणि मुलगा सुधारूं लागला. पुढच्याच वर्षीं बँटिंग व मॅक्लाउड यांस या शोधाबद्दल नोबेल पारितोषिक मिळालें.

वैद्यकाच्या इतिहासांत ही कथा येथें संपते. शाळेच्या इतिहासांत ती येथें सुरू होते. कारण इन्शुलिननें मधुमेह बरा केला नाहीं. मधुमेही मुलास जिवंत ठेवलें. जें मूल मरावयाचें तें उठून बसलें, खेळूं लागलें, आणि जूनमध्यें इतर मुलांबरोबर शाळेच्या दारांत येऊन उभें राहिलें. असें एक तिसरेंच मूल जन्मास आलें, कीं जें निरोगीही नाहीं आणि अंथरुणावरही नाहीं; जें औषध आहे तोंपर्यंत निरोगी आहे. शिवाय त्याचें औषध साधें नव्हतें. सुई टोंचल्यावर वेळेवर खाणें झालें नाहीं, किंवा खेळणें प्रमाणाबाहेर झालें, तर रक्तांतील साखर एकाएकीं उतरते. मुलास घाम सुटतो, तें थरथरतें, बोलणें असंबद्ध होतें, आणि उपाय न झाल्यास तें बेशुद्ध पडतें. त्या वेळीं थोडी साखर पोटांत गेली तर अनर्थ टळतो. पण ही गोष्ट शिक्षकास ठाऊक नसेल तर तो काय समजेल? मुलगा उद्धट झाला आहे, किंवा गणित टाळण्यासाठीं सोंग करीत आहे, असेंच ना?

फेफऱ्याची, म्हणजे अपस्माराची, कथा याच जातीची आहे. १८५७ सालीं लंडनमध्यें सर चार्ल्स लोकॉक यांनीं या रोगावर ब्रोमाइडचा गुण येतो असें सांगितलें. १९१२ मध्यें जर्मनींत हाउप्टमान यांनीं फेनोबार्बिटलचा उपयोग दाखविला, आणि १९३८ मध्यें अमेरिकेंत मेरिट व पुटनम यांनीं फेनिटॉइन पुढें आणलें. प्रत्येक पायरीगणिक झटके आटोक्यांत येत गेले व अधिकाधिक मुलें वर्गांत बसूं लागलीं. पण ब्रोमाइडनें बुद्धीवर झांपड येई, आणि फेनोबार्बिटलनें सुस्ती. म्हणजे रोग दिसेनासा झाला आणि औषध दिसूं लागलें! जो मुलगा दुसऱ्या तासाला पेंगतो त्यास मास्तर आळशी म्हणतात, आणि घरीं मात्र सर्वांस ठाऊक असतें कीं ही सकाळच्या गोळीची करणी आहे. अशा मुलाविषयीं घरानें मौन धरलें म्हणजे रोगाच्या जोडीला अन्यायही त्याच्याच पदरीं पडतो. निखळ हिताच्या दृष्टीनें पाहिलें तर सांगण्याच्या बाजूनें एवढा पुरावा पुरेसा आहे. मग आईबाप गप्प कां बसतात?

याचें उत्तर शाळा व सरकार यांनीं आजारी माणसाकडे प्रथम कोणत्या नजरेनें पाहिलें त्यांत सांपडतें. शाळेंतील मुलांची वैद्यकीय तपासणी ही कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेंतील शहरांत रुजली, आणि इंग्लंडांत १९०७ च्या शिक्षणविषयक कायद्यानें ती सार्वत्रिक झाली. अमेरिकेंतील तपासणीचा पहिला हेतु मूल बरें करणें हा नव्हता. संसर्गजन्य रोगाचें मूल वर्गाबाहेर काढणें हा होता. न्यू यॉर्कमध्यें डॉक्टर येत, डोळे व डोकें तपासीत, खुपऱ्या किंवा नायटे दिसले कीं मुलास घरीं पाठवीत. आणि गरिबाघरचें तें मूल औषधावांचून कित्येक आठवडे तसेंच भटकत राही. १९०२ च्या ऑक्टोबरांत लिलियन वॉल्ड या समाजसेविकेनें आपल्या संस्थेंतील लीना रॉजर्स नांवाची परिचारिका एक महिन्यापुरती शाळांना उसनी दिली. ही बाई शाळेंत मुलांस औषध लावी, घरीं जाऊन आयांस समजावून सांगे, आणि मुलास पुन्हां वर्गांत आणून बसवी. प्रयोग इतका यशस्वी झाला कीं शहरानें लवकरच आणखी परिचारिका नेमल्या. रोग तेच, मुलेंही तींच. फरक एवढाच कीं, पहिल्या नजरेनें मुलाचा आजार त्यास बाहेर घालविण्यासाठीं शोधला, आणि दुसरीनें तो त्यास आंत ठेवण्यासाठीं.

आपल्याकडे हाच फरक याहून दारुण स्वरूपांत अनुभवास आला आहे. १८९७ सालीं पुण्यांत प्लेग आला. सांथीच्या रोगांचा कायदा त्याच वर्षीं झाला, आणि रँडसाहेबांच्या अमलाखालीं गोरे सोजीर घरोघर झडत्या घेऊं लागले. रोगी सांपडला कीं त्यास इस्पितळांत व घरच्यांस विलग छावणींत नेत. झडतींत स्वयंपाकघर आणि देवघर यांचीही मर्यादा राहिली नाहीं. परिणाम काय झाला? लोकांनीं आजारी माणसें लपविण्यास आरंभ केला. रोग उघड व्हावा म्हणून योजलेल्या उपायानेंच रोग माजघरांत दडला. त्याच वर्षीं, त्याच पुण्याच्या परिसरांत, सावित्रीबाई फुले आपल्या डॉक्टर मुलाच्या दवाखान्यांत प्लेगचे रोगी स्वतः आणून पोंचवीत होत्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलास तेथें नेतांना त्यांनाही संसर्ग झाला, आणि १० मार्च १८९७ रोजीं त्या वारल्या. त्यांच्यापासून आजारी मूल लपवावें असें कोणत्या आईस वाटलें असेल? आजार लपविणें हा आपल्या लोकांचा स्वभाव आहे असें म्हणणारांनीं हीं दोन चित्रें शेजारीं शेजारीं ठेवून पाहावींत. लपविणें हा स्वभाव नसतो. विचारणाराच्या हेतूला दिलेलें तें उत्तर असतें.

हा हेतु ओळखण्याचा प्रश्न विसाव्या शतकांत अधिक बिकट झाला, कारण कांहीं औषधांचा कारखाना जणूं वर्गांतच उघडला. अमेरिकेंतील ऱ्होड आयलंड राज्यांत डॉ. चार्ल्स ब्रॅडली हे मनोविकारग्रस्त मुलांच्या एका निवासगृहाचे प्रमुख होते. तपासणीनंतर मुलांस होणारी डोकेदुखी थांबावी म्हणून त्यांनीं बेंझेड्रिन नांवाचें उत्तेजक औषध देऊन पाहिलें. डोकेदुखीला गुण आला नाहीं. पण मुलें अभ्यासांत एकाएकीं लक्ष घालूं लागलीं असें आढळलें. १९३७ सालीं ब्रॅडलींनीं तीस मुलांवरील अनुभव प्रसिद्ध केला. त्यांपैकीं चौदांच्या शालेय कामांत डोळ्यांत भरण्यासारखी सुधारणा झाली होती. पुढें १९४४ मध्यें स्वित्झर्लंडांत मेथिलफेनिडेट हें औषध तयार झालें, आणि १९५४ पासून तें रिटालिन या नांवानें बाजारांत आलें. चंचल व अवधानहीन मुलांसाठीं त्याचा वापर वाढत गेला. येथें प्रश्नाची बाजू पालटली. मधुमेहांत घरास ठाऊक असलेली गोष्ट शाळेस सांगावयाची होती; येथें शाळाच घरास सांगूं लागली कीं, मुलास औषध द्या.

१९७० च्या जूनमध्यें वॉशिंग्टनच्या एका वृत्तपत्रानें बातमी दिली कीं, ओमाहा शहरांत शेंकडा पांच ते दहा शाळकरी मुलें अशा औषधांवर आहेत. हा आकडा पुढें वादग्रस्त ठरला. पण त्या बातमीनें उठलेली खळबळ इतकी मोठी होती कीं सप्टेंबरांत अमेरिकन काँग्रेसच्या एका उपसमितीनें या विषयावर चौकशी भरविली. शाळेच्या दप्तरीं मुलाविषयीं काय लिहून ठेवलें आहे, तें कोण वाचतो, हे प्रश्न त्या काळांत ऐरणीवर आले. १९७४ च्या कायद्यानें मुलाची कागदपत्रें पाहण्याचा अधिकार पालकांस मिळाला, आणि त्यांच्या संमतीवांचून तीं इतरांस देण्यावर बंधन आलें. तीस वर्षांनीं, २००४ मध्यें, आणखी एक कलम आलें: नियंत्रित औषधांपैकीं एखादें मुलास दिलें तरच शाळेंत घेऊं, अशी अट शिक्षणखात्यानें वा शाळेनें घालूं नये. या दोन कायद्यांचा इत्यर्थ एकच. आईबापांनीं विश्वासानें सांगावें असें वाटत असेल, तर ऐकणाराचे हात आधीं कांहींसे बांधले पाहिजेत.

हात मोकळे असले म्हणजे काय होतें, याचें उदाहरण त्याच देशांत १९८५ सालीं घडलें. इंडियाना राज्यांतील कोकोमो गांवच्या रायन व्हाइट या मुलास जन्मतः रक्तस्रावाचा विकार होता. त्यासाठीं रक्तदात्यांच्या रक्तापासून काढलेलें औषध त्यास वारंवार टोंचावें लागे. तें औषध दूषित निघालें, आणि १९८४ च्या डिसेंबरांत त्यास एड्स झाल्याचें निष्पन्न झालें. त्याची प्रकृति थोडी सुधारल्यावर तो पुन्हां शाळेंत जाऊं इच्छीत होता. नेहमींच्या सहवासानें हा रोग पसरत नाहीं असें आरोग्यखात्यानें सांगूनही शाळेनें त्यास प्रवेश नाकारला. न्यायालयाच्या लढ्यानंतर १९८६ मध्यें तो परत गेला, तेव्हां कांहीं पालकांनीं आपलीं मुलें काढून घेतलीं. पुढें १९८७ मध्यें तें कुटुंब सिसरो या दुसऱ्या गांवीं राहावयास गेलें. तेथील शाळेनें मुलगा येण्यापूर्वींच आपल्या विद्यार्थ्यांस या रोगाची खरी माहिती करून दिली होती. मुलांनीं त्यास हात पुढें करून वर्गांत घेतलें. १९९० च्या एप्रिलांत, अठरा वर्षांचा असतांना, तो वारला. तोच मुलगा, तोच रोग, एकाच राज्यांतील दोन शाळा! एका ठिकाणीं माहिती ही शिक्षा झाली, दुसऱ्या ठिकाणीं तीच माहिती आधार झाली.

आपल्याकडील पालकांचें भय याहून कांहींसें निराळें आहे. त्यांच्या डोळ्यांपुढें केवळ शाळा नसते. वीस वर्षांनंतरचें लग्न असतें. फेफऱ्याचें नांव एकदां शाळेंत गेलें कीं तें आळींत जाईल, आळींतून सोयऱ्यांत जाईल, आणि मुलीचें लग्न अडेल, ही धास्ती केवळ कल्पनेची नव्हती. तिला कायद्याचाही पाठिंबा होता. १९७६ च्या दुरुस्तीनें हिंदु विवाहाच्या कायद्यांत वारंवार येणारे वेडाचे झटके आणि अपस्मार यांस एकाच पंक्तीस बसवून विवाहास बाधक ठरविलें होतें. अपस्माराचा तो उल्लेख १९९९ मध्यें गाळण्यांत आला. म्हणजे तेवीस वर्षें कायदाच आईबापांस जणूं सांगत होता कीं, ही गोष्ट बोलूं नका. कायद्यांतून शब्द एका दिवसांत निघतो, मनांतून निघावयास पिढी जावी लागते. तें झांकून ठेवणाऱ्या आईस दोष देण्यापूर्वीं हा हिशेब विसरतां कामा नये.

तथापि गेल्या कांहीं वर्षांत आपल्याकडेही ऐकणाराचे हात बांधण्यास आरंभ झाला आहे. एड्सच्या विषाणूसंबंधीं २०१७ सालीं झालेला कायदा २०१८ च्या सप्टेंबरांत अमलांत आला. त्यानें शिक्षणसंस्थांस या कारणावरून भेदभाव करण्यास बंदी केली, आणि आपली स्थिति उघड करण्याची सक्ति कोणावरही करतां येणार नाहीं असें ठरविलें. उलट बाजूनें, सांगितल्याचा लाभ होतो असेंही दिसूं लागलें. २०१७ मध्यें केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळानें पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या विद्यार्थ्यांस परीक्षागृहांत साखरेच्या गोळ्या, फळ, पाणी जवळ ठेवण्याची मुभा दिली. त्यासाठीं डॉक्टरांचा दाखला शाळेमार्फत आगाऊ द्यावा लागतो. ज्या पालकांनीं शाळेस कांहींच कळविलें नव्हतें, त्यांच्या मुलास ही मुभा कशी मिळावी?

परंतु नुसतें सांगून भागतें असेंही इतिहास म्हणत नाहीं. कॅनडांतील ऑन्टॅरिओ प्रांतांत रायन गिबन्स नांवाच्या बारा वर्षांच्या मुलास दमा होता. श्वास कोंडला तर ओढावयाचें औषध त्याच्याजवळ असे. पण शाळेच्या नियमाप्रमाणें तें मुख्याध्यापकांच्या खोलींत कुलुपांत ठेवण्यांत येई. त्याच्या आईनें तें मुलाजवळ राहूं द्यावें म्हणून वारंवार विनविलें होतें. २०१२ मध्यें शाळेंतच झटका येऊन तो मुलगा दगावला. त्याच्या नांवानें ओळखला जाणारा कायदा २०१५ सालीं झाला, आणि दम्याचें औषध मुलानें स्वतःजवळ बाळगावें याची शाळांनीं मुभा दिलीच पाहिजे असें ठरलें. येथें घरानें कांहींही लपविलें नव्हतें. शाळेस सर्व ठाऊक होतें. पण तें ठाऊक असणें कुलुपांत पडून राहिलें. इंग्लंडांत २०१४ पासून अशा विद्यार्थ्यांस साहाय्य करण्याची व्यवस्था ठेवणें हें शाळांचें कायदेशीर कर्तव्य झालें. त्याबरोबर दिलेल्या मार्गदर्शनांत, गरज असेल तेथें मुलामागें एक लेखी योजना असावी असें सांगितलें आहे. औषध कोणतें, केव्हां, कोणी द्यावयाचें, आणि प्रसंग ओढवल्यास प्रथम काय करावयाचें, हें तींत असतें. माहितीचें रूपांतर कृतींत करणारा हा कागद हाच सर्व वादाचा मध्यबिंदु आहे.

एवढ्या इतिहासावरून आम्हांस जो निष्कर्ष निघतो असें वाटतें, तो असा. औषधांचे तीन प्रकार मनांत वेगळे करावे. ज्या औषधाची शाळेच्या वेळांत एकाएकीं गरज लागेल, किंवा ज्याच्या अभावीं घटकाभरांत जीवावर बेतेल, तें शाळेस सांगितलेंच पाहिजे: इन्शुलिन, दम्याचें औषध, फेफऱ्याचें औषध, तीव्र वावडें असलेल्या मुलाचें ॲड्रिनलिन. येथें शाळा चांगली कीं वाईट याची वाट पाहतां येत नाहीं. मुलाचा श्वास तितका वेळ थांबत नाहीं. ज्या औषधाचा परिणाम वर्गांत दिसतो, म्हणजे ज्यानें मूल पेंगतें, अस्वस्थ होतें किंवा त्याची भूक मरते, तें निदान वर्गशिक्षकास विश्वासांत घेऊन सांगणें मुलाच्या हिताचें आहे. कारण न सांगितल्यास त्याचें प्रायश्चित्त मुलालाच भोगावें लागतें. आणि जें औषध घरीं घ्यावयाचें, ज्याचा शाळेच्या कामाशीं कांहीं संबंध पोंचत नाहीं, तें सांगणें न सांगणें ही सर्वस्वी घराची बाब होय. तेथें शाळेनें केवळ कुतूहलानें विचारूं नये, आणि पालकांनीं संकोचानें उत्तर देत बसूं नये.

यावर कोणी म्हणेल कीं, मधल्या प्रकारांतच सारी अडचण आहे. मनाच्या विकाराची गोळी सांगितली तर शिक्षक मुलास वेडें ठरवितील. ही भीति निराधार नाहीं. म्हणूनच काय सांगावें याइतकेंच कोणास व कसें सांगावें याचेंही महत्त्व आहे. रोगाचें नांव सांगणें आवश्यक असतेंच असें नाहीं. 'सकाळच्या औषधानें पहिले दोन तास सुस्ती असते, तेव्हां मोठ्यानें वाचावयास नंतर उठवा' एवढें सांगितलें तरी पुष्कळ काम होतें. आणि मूल जाणतें असेल तर त्याच्या देखत, त्याच्या संमतीनें बोलावें. जें आपल्या पाठीमागें कुजबुजून सांगितलें जातें तें लाजेचेंच असलें पाहिजे, असें मूल शिकतें. आणि हा धडा तें शाळेंतील सर्व धड्यांपेक्षां अधिक दिवस लक्षांत ठेवतें.

पण पालकांस एवढें सांगून थांबणें अन्यायाचें होईल. लीना रॉजर्स असो वा सिसरो गांवची शाळा असो, विश्वास प्रथम संस्थेनें दाखविला, आणि कुटुंबें त्यानंतर निर्धास्त झालीं. उलट झालेलें आमच्या वाचनांत क्वचितच आलें आहे. म्हणून जूनमध्यें पालकांची पहिली सभा भरते, तेव्हां मुख्याध्यापकांनीं आपण होऊन चार वाक्यें बोलावींत: औषधाची माहिती कोण ठेवील, ती कोणकोणास कळेल, त्यावरून कोणत्याही मुलास सहलीस, खेळास वा परीक्षेस वगळलें जाणार नाहीं, आणि प्रसंग आल्यास काय करावयाचें तें शिक्षकांना शिकविलें आहे. हीं चार वाक्यें खरीं करून दाखविण्यास फार पैसा लागत नाहीं. दोन शिक्षकांचा एक दिवस, एक कपाट, आणि त्या कपाटास कुलूप नसणें, एवढें पुरे आहे.